गरम झाली की बंद पडणारी गाडी: इलेक्ट्रॉनिक इग्निशनला कॉइल कुठली लावायची?

बेळगावातून सकाळच्या गारव्यात निघालं तर जुनी बुलेट एका किकमध्ये चालू होते. पिरनवाडी, किणये मागं पडतं, जांबोटीकडचा चढ लागतो आणि इंजिन मिस मारायला लागतं. ॲक्सिलरेटर दिला तरी गाडी ओढत नाही, सायलेन्सरमधून दोन-चार फटके येतात आणि बंद. मग कितीही किक मारा. पंधरा-वीस मिनिटं सावलीत उभी केली की काही झालंच नव्हतं अशी चालू होते आणि थोडं पुढं गेलं की पुन्हा तेच.

पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे जुने यांत्रिक कॉन्टॅक्ट) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेल्या बुलेट, येझदी, राजदूतवाल्यांकडून ही तक्रार मी सतत ऐकतो. खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, सगळीकडं एकच कहाणी आणि उपायही ठरलेले. आधी प्लग बदलायचा, मग कार्बोरेटर साफ करायचा, मग कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग. नव्या कॉइलवर गाडी काही दिवस छान पळते आणि परत तीच रड. शेवटी "इलेक्ट्रॉनिकचं काय खरं नाही, परत पॉइंट बसवा" असा निकाल लागतो. मला हा निकाल मान्य नाही. बहुतेक वेळा मॉड्यूल, म्हणजे पॉइंटच्या जागी आलेला इलेक्ट्रॉनिक डबा, चांगलं असतं, कॉइलही चांगली असते, पण त्या दोघांचं जमलेलं नसतं. कॉइल निवडताना गाडीचं मॉडेल बघितलं जातं, खोक्यावरचं "१२ व्होल्ट" बघितलं जातं. ज्या मॉड्यूलबरोबर तिला काम करायचंय, ते मात्र कुणी विचारात घेत नाही.

आधी पेट्रोल की करंट, ते ठरवा

गरम झाल्यावर बंद आणि थांबल्यावर चालू, हे लक्षण पेट्रोलच्या दोषातही हुबेहूब असंच दिसतं. टाकीच्या झाकणाचं हवेचं बारीक भोक बुजलं की टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. गाडी थांबली की हळूहळू हवा आत जाते आणि पुन्हा चालू होते. म्हणून बंद पडल्यावर पहिलं काम म्हणजे झाकण उघडणं. आत हवा ओढल्याचा 'सुस्स' आवाज आला आणि लगेच गाडी चालू झाली, तर कॉइलला हातही लावू नका. झाकण साफ करा.

आवाज आला नाही तर झाकण घट्ट लावा आणि इंजिन गार व्हायच्या आत ठिणगी बघा. गार झाल्यावर बघितलेली ठिणगी काहीच सांगत नाही, कारण गार झाल्यावर सगळंच ठीक असतं. यासाठी टूलकिटमध्ये एक जादा प्लग ठेवावा, त्याचा बाहेरचा वाकडा पाय थोडा उघडून फट ५-६ मिलिमीटर केलेला. इंजिनवरचा प्लग जागेवरच राहू द्या, म्हणजे पेट्रोलची वाफ बाहेर येत नाही. कॅप फक्त या जादा प्लगला लावा, प्लगची चुडी (आटे) हेडच्या फिनला घट्ट टेकवा आणि किक मारा. निळी, टकटक आवाज करणारी ठिणगी ती फट ओलांडत असेल तर इग्निशन बरं आहे. पिवळट, बारीक किंवा मधेच चुकणारी असेल तर पुढचं वाचा.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर कॅप हवेत मोकळी ठेवून कधीही किक मारू नका. ठिणगीला जायला वाट मिळाली नाही की ते हजारो व्होल्ट कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढतात, कधी मॉड्यूलसुद्धा घेऊन जातात. पॉइंटच्या काळात वायर इंजिनजवळ धरून करंट बघायची सवय सगळ्या मेकॅनिकांना होती. ती आता सोडायला हवी.

तुमचं मॉड्यूल कुठल्या जातीचं?

इलेक्ट्रॉनिक इग्निशन म्हणजे एकच वस्तू नव्हे. दोन पूर्ण वेगळ्या जाती आहेत आणि त्यांच्या कॉइल्स एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

पहिली टीसीआय, म्हणजे ट्रान्झिस्टरवाली. हिचं काम पॉइंटसारखंच. बॅटरीचा करंट कॉइलच्या प्रायमरीतून (कमी वेढ्यांच्या गुंडाळीतून) वाहत असतो, त्यानं कॉइलमध्ये चुंबकीय ऊर्जा साठते, योग्य क्षणी ट्रान्झिस्टर तो करंट तोडतो आणि सेकंडरीत (जास्त वेढ्यांच्या गुंडाळीत) हजारो व्होल्टची ठिणगी तयार होते. इथं ऊर्जा साठते ती कॉइलमध्येच.

दुसरी सीडीआय, म्हणजे कपॅसिटरवाली. इथं ऊर्जा कॉइलमध्ये साठत नाही, मॉड्यूलमधल्या कपॅसिटरमध्ये साठते. तो काहीशे व्होल्टला चार्ज होतो आणि थायरिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू झाला की एका झटक्यात कॉइलमध्ये रिकामा होतो. कॉइल इथं फक्त व्होल्टेज वाढवून देते. म्हणून सीडीआयच्या कॉइलची प्रायमरी अगदी थोड्या वेढ्यांची असते आणि तिचा रेझिस्टन्स बहुधा १ ओहमच्याही खाली असतो. यामाहा आरएक्स १०० आणि शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांत ही जात आहे.

मॉड्यूलवर काही लिहिलेलं नसेल तरी जात ओळखता येते. कॉइलच्या प्रायमरीचं एक टोक कुठं जातं ते बघा. चावी चालू केल्यावर त्या टोकाला बॅटरीचे १२ व्होल्ट येत असतील आणि दुसरं टोक मॉड्यूलकडं जात असेल, तर ती टीसीआय. एक टोक मॉड्यूलकडून येत असेल आणि दुसरं थेट बॉडीला अर्थ असेल, तर सीडीआय.

आपल्याकडं घोळ होतो तो इथंच. शंभर सीसीच्या गाडीची कॉइल स्वस्त, लहान आणि कुठल्याही गल्लीत मिळणारी. बुलेटची जुनी कॉइल गेली की मेकॅनिक तीच आणून टीसीआय मॉड्यूलवर जोडतो. गाडी चालू होते, ठिणगीही झणझणीत दिसते, सगळे खूश. पण ओहमचा नियम कुणासाठी बदलत नाही: बॅटरीचे १२.६ व्होल्ट भागिले कॉइलचा अर्धा ओहम म्हणजे २५ अँपिअर. करंट स्वतः आवरणारं मॉड्यूल नसेल, तर हा भार ट्रान्झिस्टर किती वेळ सोसणार? जांबोटीच्या चढापर्यंत, जास्तीत जास्त कणकुंबीपर्यंत.

उलटं केलं, म्हणजे सीडीआयवर ४ ओहमची पॉइंटवाली कॉइल लावली, तर सहसा काही जळत नाही. पण ठिणगी मरगळलेली येते आणि वरच्या आरपीएमला गाडी अडखळते.

ओहम मोजूनच कॉइल घ्या

टीसीआयवाल्यांनी एकच आकडा डोक्यात ठेवावा: मॉड्यूलला चालणारा प्रायमरीचा किमान रेझिस्टन्स. तो मॉड्यूलच्या कागदावर असतो. काही मॉड्यूल्स करंट स्वतः मर्यादित ठेवतात, त्यांना १ ओहमच्या आसपासची कॉइलही चालते. साध्या मॉड्यूलला मात्र ३ ओहमच्या खाली जाऊ देऊ नये. कागद हरवला असेल आणि मॉड्यूल कुठल्या प्रकारचं ते कळत नसेल, तर ३.५ ते ४.५ ओहमची १२ व्होल्टची कॉइल घ्या. ३.८ ओहमला करंट ३.३ अँपिअर होतो. हा भार मॉड्यूलही सोसतं, वायरिंगही सोसतं.

"पण कमी ओहमची कॉइल म्हणजे जास्त पॉवरफुल ठिणगी ना?" हा प्रश्न हमखास येतो. उत्तर इंजिनच्या वेगात आहे. साधारण ४ ओहमची कॉइल पूर्ण भरायला ढोबळमानानं ५ ते ८ मिलिसेकंद लागतात. बुलेट ३५० चं इंजिन ४००० आरपीएमला फिरत असेल तर एका फेऱ्याला १५ मिलिसेकंद मिळतात. येझदीला ५००० आरपीएमला १२. मॉड्यूलनं त्यातला काही वेळ कॉइल बंद ठेवली तरी भरायला पुरेसा अवधी उरतो. एका सिलिंडरच्या संथ इंजिनाला 'हाय पॉवर' कॉइलची गरजच नाही. तिच्यातून मिळते ती फक्त उष्णता. ७५०० आरपीएमकडं झेपावणाऱ्या राजदूत ३५० ची गोष्ट वेगळी. तिथं एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदच मिळतात, म्हणून करंट आवरणारं मॉड्यूल आणि कमी ओहमची कॉइल ही जोडी शोभते. पण जोडीनंच. नुसती कॉइल बदलून भागत नाही.

दुकानात जाताना खिशात मल्टिमीटर असू द्या. दोनशे ओहमच्या रेंजवर ठेवा आणि आधी त्याच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. तिथंच ०.३-०.४ ओहम दाखवतो, तो पिनांच्या वायरींचा रेझिस्टन्स. हा आकडा प्रत्येक मापातून वजा करायचा. कमी ओहमच्या कॉइलला यानं चित्रच पालटतं. बेळगावात एका दुकानी मीटरवर ०.९ आलं, पिनांचे ०.४ वजा केले, खरे राहिले ०.५. दुकानदार भला माणूस होता. खोकं पुढं करून म्हणाला, "अहो, बारा व्होल्टचीच आहे की ओ, लिहिलंय बघा." लिहिलेलं खरंच होतं. बारा व्होल्टच्या गाडीचीच होती ती, पण सीडीआयची.

सेकंडरीही मोजा: प्रायमरीच्या टोकापासून जाड वायरीपर्यंत, कॅप काढून. साधारण ५ ते १५ किलोओहमच्या दरम्यान काहीतरी यायला हवं. काहीच आलं नाही तर आत वायर तुटलेली आहे. मात्र सेकंडरी बरोबर आली म्हणून कॉइल निर्दोष ठरत नाही. मल्टिमीटर थोड्याशा व्होल्टनं मोजतो आणि इन्सुलेशन फुटतं ते हजारो व्होल्टला, तेही गरम असताना.

६ व्होल्टच्या जुन्या जावा-येझदीवाल्यांसाठी एवढंच: ६ व्होल्टच्या कॉइलची प्रायमरी दीड-दोन ओहमची असते. गाडी १२ व्होल्टला बदलताना तीच कॉइल ठेवली तर करंट दुप्पट होतो. उलट ६ व्होल्टच्या गाडीला १२ व्होल्टची कॉइल लावली तर करंट निम्मा आणि ठिणगीची ऊर्जा पाव, कारण ऊर्जा करंटच्या वर्गानुसार बदलते.

कॉइल बरोबर आहे, तरी गरम झाल्यावर बंद पडते?

हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथं चांगल्या कॉइल्स विनाकारण कचऱ्यात जातात.

तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो, दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्का. सकाळी २५ अंशाला ३.८ ओहम असलेली कॉइल टाकीखाली, सिलिंडर हेडच्या डोक्यावर ८५ अंशाला पोचली की ४.७ ओहम होते. आता त्याच वेळी कॉइलच्या टोकाशी मीटर लावा. बॅटरीवर १२.६ व्होल्ट असतात, पण जुन्या चावीच्या झिजलेल्या कॉन्टॅक्टमधून, गंजलेल्या, गोळीच्या आकाराच्या 'बुलेट' कनेक्टरमधून आणि तीस-चाळीस वर्षांच्या वायरीतून कॉइलपर्यंत कधीकधी ११ च पोचतात. हिशोब करा: ३.३ अँपिअरऐवजी २.३. आणि ऊर्जा वर्गानुसार, म्हणजे निम्मी. कॉइल बिघडलेली नाही, मॉड्यूल बिघडलेलं नाही, तरीही ठिणगी अर्धी झाली. सपाटीवर ती पुरते. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण उघडला, सिलिंडरमध्ये दाब वाढला की त्या दाबात फट ओलांडायला जास्त व्होल्ट लागतात, आणि नेमकी तिथंच ती कमी पडते. नवीन कॉइल काही दिवस चालते ती याच कारणानं. स्क्रू घट्ट होतात, टोकं साफ होतात, पण मुळातला तोटा तसाच राहतो.

मोजायचं असं: गाडी चालू असताना मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी कॉइलच्या पॉझिटिव्हला. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष वाटेत आहे. तसंच बॅटरीच्या निगेटिव्हपासून मॉड्यूलच्या अर्थपर्यंतही मोजा, कारण रंग दिलेल्या चासीवर वॉशर टेकवून घेतलेला अर्थ हा फार जुना रोग आहे. अर्थची वायर थेट बॅटरीपर्यंत न्यावी.

पॉझिटिव्हचा इलाज म्हणजे रिले, छोट्या करंटनं मोठा करंट जोडणारा स्विच. बॅटरीवरून दहा अँपिअरच्या फ्यूजमधून जाड वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून कॉइलला, ८५ अर्थला, आणि जुन्या चावीतून येणारी वायर ८६ ला. चावी आता फक्त रिले ओढते, कॉइलचा भार तिच्यावर नाही. हेडलाइटच्या डब्यातली बुलेटची जुनी चावी यानं पुढची कित्येक वर्षं टिकते, शिवाय मूळ वायरिंग कापावं लागत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. शक्य असेल तर कॉइल टाकीखालून काढून वारा लागेल अशा ठिकाणी आणा. उद्यमबागेत एखाद्या वर्कशॉपमध्ये पाच मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट करून मिळतो, तो कॉइलची उष्णता चासीत उतरवतो. बुलेटवर मोटारीची तेल भरलेली डबा कॉइल लावायची जुनी पद्धत आहे. एका सिलिंडरच्या धडधडीत तिच्या आतलं टिकत नाही, तेलही पाझरतं. इपॉक्सीत ओतलेली कॉइलच बरी. डबा कॉइलवर बाहेरचा रेझिस्टर वापरा असं लिहिलेलं असेल, तर ती दीड ओहमची आहे असं समजा. ती वापरायचीच असेल तर मालिकेत दीड ओहमचा, ५० वॅटचा ॲल्युमिनियम अंगाचा रेझिस्टर लावा. छोट्या पांढऱ्या रेझिस्टरचं हे काम नव्हे: करंट सतत वाहिला तर एकट्या रेझिस्टरवर २६ वॅट उष्णता निघते.

तिसरी गोष्ट, चावी चालू ठेवून गाडी उभी करणं. इंजिन बंद असताना काही मॉड्यूल्स कॉइलचा करंट तोडत नाहीत. ३.८ ओहमच्या कॉइलमध्ये तेव्हा ४२ वॅट उष्णता तयार होत राहते, दीड ओहमच्या कॉइलमध्ये १०६. चहाला थांबलात तर चावी काढा.

कॉइल खरंच गेली आहे का?

घरी हेअर ड्रायरनं कॉइल हाताला सोसवणार नाही इतकी तापवा आणि गाडी चालू करून बघा. गार इंजिन, गरम कॉइल. गाडी मिस मारली तर कॉइल. मारली नाही तर ड्रायर पिकअपकडं, म्हणजे ठिणगीची वेळ मॉड्यूलला सांगणाऱ्या सेन्सरकडं, वळवा. पिकअपची बारीक वायर आतून तुटलेली असते, गार असताना टोकं टेकतात, गरम झाल्यावर सुटतात, आणि मीटरवर तिचा रेझिस्टन्स अचानक अनंत दिसतो. हा दोष कॉइलच्या नावावर फार वेळा खपतो.

कॉइल उतरवली असेल तर ती उजेडात फिरवून बघा. खानापूरच्या एका येझदीची कॉइल वरून नवीकोरी दिसत होती. उलटी केली तर इपॉक्सीत केसासारखी तडा, तांबड्या धुळीनं भरलेली, आणि तिच्या शेवटी काळा बारीक रेघोटीचा माग, थेट ब्रॅकेटच्या बोल्टपर्यंत. ठिणगी प्लगला न जाता तिथून जात होती. असा माग दिसला की घासूनपुसून उपयोग नाही, ती कॉइल संपली. पावसाळ्यात कणकुंबी-चोर्ला भागात ठिणगीची अशी गळती अंधारात दिसते. कॉइल आणि जाड वायरीवर पाण्याचा फवारा मारा, गाडी चालू ठेवा, निळी रेघ जिथं उडेल तिथं गळती. तेव्हा वायरीला हात लावू नका, सीडीआयचा धक्का तर विशेष जोराचा असतो. कॅप जुनी असेल तर वायरीचं टोक पाच मिलिमीटर कापून नव्या तांब्यावर कॅप पुन्हा फिरवून बसवा, आत सिलिकॉन ग्रीस लावा.

इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलला ५ किलोओहमची रेझिस्टरवाली कॅप किंवा रेझिस्टरवाला प्लग, ज्याच्या नंबरात 'आर' असतो, हवाच. त्याशिवाय ठिणगीचा रेडिओ गोंगाट मॉड्यूलमध्ये शिरतो आणि टायमिंग भरकटतं. किक उलटी मारते ती पुष्कळदा यामुळं किंवा बॅटरी बसल्यामुळं. बुलेटवर मेलेल्या बॅटरीनं गाडी चालवायची सवय असेल तर ती मोडा. किक मारताना व्होल्टेज खाली कोसळलं की मॉड्यूल गोंधळतं, आणि चालत्या गाडीत बॅटरीचा आधार नसेल तर चार्जिंगचे झटके थेट मॉड्यूलवर बसतात. मध्यम आरपीएमला बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर आधी बदला, मॉड्यूल नंतर.

जुळ्या सिलिंडरच्या ज्या गाड्यांत एकच मॉड्यूल दोन्ही कॉइल्स एकाच वेळी चालवतं, तिथं एकूण ओहम बघायचे. ६ व्होल्टच्या १.९ ओहमच्या दोन कॉइल्स मालिकेत जोडल्या की ३.८, झकास. १२ व्होल्टच्या ४ ओहमच्या दोन मालिकेत जोडल्या तर ८, ठिणगी मेलेली. त्याच समांतर जोडल्या तर २, म्हणजे सहा अँपिअरच्या वर, मॉड्यूल तापणार. जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असायचा, तेव्हा मॉड्यूलची वायर लावण्याआधी बॅटरीचं कुठलं टोक चासीला आहे ते बघून घ्या.

नवीन कॉइल बसवली की तिच्या अंगावर ऑइल पेंटनं मोजलेले ओहम लिहून ठेवा, गार असतानाचे आणि पिनांचे वजा केलेले. पुढच्या वेळी संशय आला की तोच आकडा पुन्हा मोजायचा. तो जुळला तर कॉइल न उतरवता थेट चावी, अर्थ आणि पिकअपकडं वळायचं.